कारवीचा पराग

१ सप्टेंबर १९८४, ताम्हिणी

पोचलो एकदाचे! पौडच्या पुढे कंपनीची जीप तीन वेळा चिखलात रुतली. ड्रायव्हर काही खाली उतरेना, तेव्हा दोनदा मी ढकलली आणि तिसऱ्यांदा कुंदानेही पदर खोचून हात लावला. यशू मागे मधमाश्यांच्या बंद पेट्यांवर बसून आमची फजिती बघत हसत होती. ती हसली हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण गेल्या चार महिन्यांत पोरीला खोकण्याशिवाय दुसरं काही करताना फारसं पाहिलेलं नाही.

जागा बघून जीव हरखला. समोर डोंगर आणि डोंगरभर कारवी. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि ते साल नेमकं हेच. कळ्या टपोऱ्या झाल्या आहेत. आठ दिवसांत सगळा उतार जांभळा होईल. मधमाशीपालन शिकलेल्या माणसाला असं साल अख्ख्या नोकरीत चार-पाचदा मिळतं.

काम सोपं आहे. पुण्याची एक लहानशी कंपनी ‘पुष्पसत्त्व’ नावाचं टॉनिक विकते. मधाचं नव्हे, परागाचं. माशी फुलावरून मागच्या पायांना चिकटवून आणते ते पिवळे कण. रोज सकाळी चमचाभर दुधातून घ्या, अशक्तपणा पळून जाईल, असं बाटलीवर छापलंय. वर शंभरी गाठलेल्या रशियन म्हाताऱ्यांचं चित्र. म्हाताऱ्यांचं मला माहीत नाही. मी नोकरी धरली ती यशूसाठी. सहा वर्षांची पोर आणि वजन तेरा किलो. आधी गोवर, मग डांग्या खोकला, मग जेवणच तुटलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की थंडीच्या आत अंगावर मांस चढलं नाही, तर ही थंडी तिला झेपायची नाही. कुंदाला मी हे निम्मंच सांगितलंय.

घर वाडीतल्या हैबतरावांचं आहे, कंपनीने भाड्याने घेतलेलं. दोन खोल्या, कारवीच्या काठ्यांचे कूड आणि त्यावर शेणामातीचा गिलावा. वाडीपासून दोन शेतं लांब, उतारावर एकटंच. आम्हा ओव्हाळांना लांबचं घर का, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमचे आजोबा भरे गावचे. लांबून गाव कसं दिसतं ते आमच्या घरात तीन पिढ्यांना पाठ आहे. पण छप्पर गळत नाही आणि झरा जवळ आहे. कुंदाने आधी बाबासाहेबांची तसबीर लावली, मग चूल पेटवली. बरं वाटलं.

४ सप्टेंबर

वीस पेट्या मांडून झाल्या. प्रत्येकीच्या दारावर भोकं पाडलेली जस्ताची पट्टी बसवली. माशी अंग चोरून भोकातून आत शिरते, तेव्हा तिच्या पायांवरचे परागाचे गोळे खरवडून खालच्या खणात पडतात. सरळ जकात नाकाच म्हणा. हा माल माश्या स्वतःसाठी आणत नाहीत, पिलांना भरवायला आणतात. म्हणून शहाणा माणूस पट्टी दिवसाआड लावतो. कंपनीच्या साहेबांचा हुकूम मात्र रोज लावायची असा आहे.

दुपारी बहिरू आला. साठीचा असेल. रानातली मोहोळं उतरवणारा इथला जुना माणूस. पेट्या बघितल्या, पट्ट्या बघितल्या आणि लांबूनच म्हणाला की मध न्या, मेण न्या, पण कारवीच्या साली पिलांचं खाणं उचलू नगा, आमी बी न्हाई उचलत. का, असं विचारलं तर म्हणाला, “माश्या मंग पोर बघून ठिवत्यात.” मी त्याला शास्त्र सांगायला लागलो, तर तो बाजूला थुंकून चालता झाला. अडाणीपणावर औषध नाही.

७ सप्टेंबर

पहिली फुलं उमलली आणि पहिला पराग आला. फिकट, राखाडीकडे झुकणारा, हाताला किंचित कोमट. इतर फुलांचा पराग कडसर लागतो. हा गोड आहे आणि मागून जरा दुधासारखी चव येते. यशूला चमचाभर दिला. तोंड वाकडं करेल म्हणून मी गुळाचा खडा हातात तयार ठेवला होता. तिने चमचा चाटला आणि अजून मागितला. आपण होऊन तिने खायला मागितलं, हे एप्रिलनंतर पहिल्यांदाच. कुंदा चुलीकडे तोंड करून रडली. मीही बाहेर जाऊन पेट्या उगाच मोजून आलो.

११ सप्टेंबर

आज डोकं फिरलं. हैबतरावांची बायको सारजाबाई भर दुपारी आली. उंबऱ्याबाहेर चार हात लांब उभी. हातात पळसाचं पान आणि त्यावर वाटलेल्या कडुनिंबाचा गोळा. पान जमिनीवर ठेवलं, मागे सरली आणि म्हणाली की पोरीच्या ओठांना रोज लावा, दुपारची तिला आत ठेवा, कूड लिंपून घ्या, कारवी झडंस्तोवर आमच्या समद्या पोरांना आमी लावतो. मी विचारलं, बाई, हातात द्यायला काय झालं?  मालकांनी बघितलं तर मारतील, एवढंच पुटपुटली.

जमिनीवर ठेवलेलं उचलून घ्यायचं माझ्या आजोबांनी सोडलं, बापाने सोडलं, आणि मी आता पुन्हा सुरू करू? पान उचललं आणि तिच्या देखत उकिरड्यावर टाकलं. या लोकांचं ‘इकडे फिरू नका, तिकडे हात लावू नका’ ऐकत बसलो असतो, तर मी आज भऱ्यात कुणाची तरी गुरं वळत असतो. कुंदा म्हणाली, औषध तरी ठेवून घ्यायचं होतं. मी तिच्यावरही ओरडलो.

१५ सप्टेंबर

पंधरा किलो! पराग तोलायच्या काट्याला झोळी बांधून यशूला बसवलं आणि तीनदा वजन केलं. आठ दिवसांत दोन किलो. खोकला थांबला. गालांना गोलाई आली. दिवसाला चार चमचे खाते. साहेबांना पत्र टाकलं की रशियन म्हातारे काढा आणि माझ्या पोरीचा फोटो छापा.

संध्याकाळी हैबतराव वाटेत आडवा आला. म्हणाला की खोली सोड, उद्याच्या उद्या निघ, न्हाईतर मग वाडीकडं मदतीला यायचं न्हाई. कारण विचारलं तर म्हणाला, “तुला सांगून कळनार न्हाई.” माझ्या बापाच्या वयाचा नाही हा, आणि मला अरेतुरे. मी म्हटलं, कंपनीने कागद केलाय, मी हलणार नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मग घराकडे, मग हसला. म्हणाला, ऱ्हा तर मग, आमची पोरं तरी सुटली यंदा.

याचा अर्थ लागला नाही. राग मात्र आला.

१८ सप्टेंबर

डोंगर पुरा जांभळा झालाय. उन्हाची तिरीप आली की त्याचा गुणगुणाट घरात ऐकू येतो.

आज दुपारी यशू पडवीत बसली होती. एक माशी तिच्या खालच्या ओठावर येऊन बसली. मी हाकलायला पुढे झालो आणि थबकलो. माशीने तोंडातून काहीतरी काढून तिच्या ओठावर ठेवलं. यशूने जीभ फिरवून ते चाटलं आणि पुन्हा तोंड उघडलं. माशी उडाली. दुसरी आली.

तिसरी आली तेव्हा मी तिला उचलून आत नेलं.  पेटीत कामकरी माश्या पिलांना असंच भरवतात. मी स्वतः मधमाशीपालनाच्या वर्गात फळ्यावर काढून शिकवलेलं आहे. पण ते अळ्यांना.

२० सप्टेंबर

पराग बंद केला. डबा ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. पेट्यांच्या पट्ट्याही काढल्या. यशूने भाताला तोंड लावलं नाही, दूध थुंकलं. कुंदा म्हणते निदान रडली तरी असती. ती रडत नाही. उपाशी असून वजन सतरा.

अंग पांढरं पडत चाललंय. दाबलं की बोट रुततं आणि खळगा तसाच राहतो.

कुडात भोकं आहेत. गिलावा कुठेकुठे सुटलाय, तिथून माश्या आत येतात. मी शेण कालवून सकाळभर लिंपत बसलो. दुपारी बघतो तर नवी भोकं.

२२ सप्टेंबर

एकवीस किलो.

यशू चालत नाही. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडून असते. हाक मारली की “बाबा” म्हणते, गोड आवाजात, आणि तोंड उघडते. दहा-बारा माश्या सतत तोंडापाशी. मी मारतो, आणखी येतात. मला डसतात, कुंदाला डसतात. तिला एकही नाही.

माझा तरी जीव का वर-खाली होतोय? अंगावर मांस चढावं हेच तर मागितलं होतं ना मी?

उद्या पुण्याला न्यायचं. जीप यायला अजून आठवडा. पाठीवर घेऊन चालत जायचं.

२३ सप्टेंबर

नाही जमलं.

गोधडीत गुंडाळून निघालो. पहिलं शेत ओलांडलं आणि डोंगराचा आवाज थांबला. एकदम. मग सगळंच मोहोळ उठलं. ऊन झाकलं गेलं. माश्या गोधडीवर बसल्या, एकीवर एक, इतक्या की वजनाने मी खाली बसलो. कुंदा ओरडत वाडीकडे पळाली. एकेक दार बंद होताना मी बघितलं. हैबतरावाचं सर्वांत आधी.

मी घराकडे वळलो तशा त्या उठल्या. घराकडे जाऊ देतात.

कुंदाला सत्तर-ऐंशी काटे. तोंड सुजून डोळे मिटले. बहिरूने तिला डोलीत घालून खाली दवाखान्यात न्यायचं कबूल केलं, तेवढी माणुसकी त्याच्यात आहे. ती जाता जाता म्हणत होती, मी माणसं घेऊन येते, पोरीला सोडू नका. मी तिला तसं वचन दिलं.

२४ सप्टेंबर

सकाळी सारजाबाईकडे गेलो. तिच्या मागच्या दाराशी मी, जयवंत ओव्हाळ, हात जोडून उभा राहिलो. कडुनिंब द्या म्हणालो.

तिने दिला. या खेपेला हातात दिला. माझा हात धरून राहिली आणि म्हणाली, भाऊ, आता त्याचा काय उपेग न्हाई, एकदा त्यांचं खाणं पोटात गेलं की पोर त्यांचं. सात वर्षांमागे तिची धाकटी चंद्री अशीच गेली. खेळता खेळता मोहोळातलं पोळं चाटलं होतं. खोली आतून मेणानं बंद झाली. हैबतरावाने पहारीनं कूड फोडला. पोर हवेला आली आणि गेली.

मी विचारलं, फोडला नसता तर?

तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, “कुनीच थांबलं न्हाई अजून. समद्यांनी फोडलंच.”

२६ सप्टेंबर

यशू आतल्या खोलीत. आज भरवणं थांबलं. माश्या तोंडाकडे जात नाहीत, दाराकडे जातात. चौकटीला मेण. पिवळसर, पातळ. मी कोयत्याने खरवडलं. तासाभरात पुन्हा.

वेळ जुळते. अळीचं खाणं संपलं की तिच्या कोठडीवर टोपण घालतात. आत ती—

आत ती बदलते. हेही फळ्यावर काढून शिकवलंय.

२७ सप्टेंबर

दार बंद झालं. खालपासून वरपर्यंत. मी आत घुसून बसायला हवं होतं. पाणी आणायला गेलो, तेवढ्यात.

मेणाला कान लावला. श्वास ऐकू येतो. टोपणातून हवा जाते, ते तसंच बनवतात, आतल्याला हवा लागते म्हणून. हाक मारली. “बाबा” म्हणाली. स्पष्ट.

२८ सप्टेंबर

राहवलं नाही. खिळ्याने भोक पाडलं, वाटाण्याएवढं. डोळा लावला.

पांढरी आहे. फार पांढरी. हात अंगाला चिकटलेले. डोळे मिटलेले नाहीत. डोळे नाहीतच अजून.

उजेड पडला तशी ती कळवळली. अंगभर. असा आवाज मी कधी— माश्यांनी भोक बुजवलं, मला दहा ठिकाणी डसून. बरं झालं डसल्या. मी पुन्हा हात लावणार नाही.

१ ऑक्टोबर

जीप आली नाही. वाडीतलं कुणी नाही. सारजाबाई पाटीत भाकरी आणून देते, बसते थोडा वेळ, मेणाला हात लावून बघते. रडते. तिची पोर फोडली नसती तर, हे ती रोज विचारते. मला नाही, स्वतःलाच.

मोहोळात टोपण घातल्यापासून बारा दिवस लागतात. बाराव्या दिवशी आतलं बाहेर येतं, आपलं आपण. आधी फोडलं तर मरतं. मी हजारो पेट्या बघितल्यात. आधी फोडलेलं एकही जगलेलं नाही. एकही नाही.

म्हणजे ९ तारीख.

काय बाहेर येईल— नाही. ते नाही लिहायचं. यशू येईल. कशीही येवो. थंडी झेपेल तिला.

४ ऑक्टोबर

आज “बाबा” म्हणाली नाही. गुणगुणली. पण सूर तोच, कुंदा झोपवताना म्हणते तो. मी इकडून म्हटला. तिने आतून ओळ पुरी केली.

आठवते तिला. ऐकलंत का, तिला आठवतं.

डोंगर झडायला लागलाय.

६ ऑक्टोबर, सकाळ

वाटेवर माणसं. पंधरा-वीस. पुढे कुंदा, डोक्याला पट्टी. जीप खाली उभी. हैबतराव आहे, पहार घेऊन. बहिरू. दोघं खाकीतले.

मी ओरडून सांगितलं, तीन दिवस, फक्त तीन दिवस थांबा. हैबतराव म्हणाला की पोरीच्या आईनं सांगितलंय, आता तुझं न्हाई ऐकायचं. कुंदा, तूच म्हणालीस ना, सोडू नका—

बाहेरच्या दाराला जातं लावलंय, मी पाठ लावून बसलोय. मागे मेण कोमट आहे. ती हलते आहे. भ्यालीय. सांगतोय तिला, बाबा आहेत—

ते दाराकडे येत नाहीयेत. मागे चाललेत. कुडाकडे. आतल्या खोलीच्या कुडाकडे—

कुंदा, नको. कुंदा, तिला आठवतं सगळं, तुझं गाणं म्हणते ती, जिवंत आहे, फोडू नको, उजेड नको, उजेड नको तिला, सारजाबाई ओरडतेय ऐक तिचं, कुंदा तीन दिवस फक्त ती